दोन पर्याय उरतात तेव्हा : युक्तिवादाची रचना कशी तपासावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत आहात. घरी मराठी बोलली जाते, शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि इंदूरमधील भंवरकुआंच्या क्लासमध्ये शिकवणे हिंदी-इंग्रजीत चालते. उतारा वाचताना सगळे समजते, चारपैकी दोन पर्याय सहज बाद होतात, पण उरलेल्या दोनांतून एक निवडायची वेळ आली की बहुतेक वेळा उत्तर चुकते. अशा स्थितीत प्रश्नांचे प्रकार पाठ करावेत की सराव चाचण्या वाढवाव्यात, आणि मनातला विचार कोणत्या भाषेत करावा, असे तुम्ही विचारले आहे. मी इंदूरमध्ये बरीच वर्षे तर्क हाच विषय शिकवते, आणि ही तक्रार चांगल्या, वाचनाची सवय असलेल्या विद्यार्थ्यांकडूनच सर्वांत जास्त ऐकते.

माझ्या मते तुमची चूक शेवटच्या दोन पर्यायांपाशी दिसते, पण ती घडते त्याच्या बरीच आधी. उतारा वाचून तुम्हाला विषय समजतो, म्हणजे लेखक कशाबद्दल बोलतो आहे हे कळते. परंतु तो आपल्याकडून नेमके काय मान्य करून घेऊ पाहतो, ते मान्य करण्यासाठी कोणती कारणे देतो आणि त्या कारणांपासून त्या निष्कर्षापर्यंत पोहोचताना कोणती गोष्ट न सांगता गृहीत धरतो, या तीन गोष्टी वेगळ्या काढण्याआधीच तुम्ही पर्यायांकडे वळता. मग दोन पर्याय उरतात, दोन्ही विषयाला धरून असतात, दोन्ही खरे वाटतात, आणि त्यांना मोजायला हातात काहीच माप नसते. अशा वेळी मन ओळखीचा वाटणारा पर्याय निवडते. प्रश्न तयार करणाऱ्यालाही हे माहीत असते, म्हणून चुकीचा पर्याय मुद्दाम ओळखीच्या शब्दांत लिहिलेला असतो.

कोणती परीक्षा आहे यावर काही गोष्टी निश्चितच अवलंबून आहेत. क्लॅट २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेली झाली. आता पदवीपूर्व परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यांतील साधारण पाचवा हिस्सा तर्काचा असतो आणि एका उताऱ्यावर अनेक प्रश्न येतात. म्हणून तिथे एकदा काढलेली रचना पुढच्या चार-पाच प्रश्नांना उपयोगी पडते, आणि रचना काढण्यात घालवलेला वेळ भरून निघतो. संघ लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये, म्हणजे नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, उतारे बहुधा लहान असतात व त्यांतून काय निघते किंवा लेखकाने काय गृहीत धरले आहे, एवढेच विचारले जाते. अमेरिकेतील विधि-प्रवेशाच्या एलसॅटमधून ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग काढून टाकला गेला आणि त्याऐवजी तर्काचे दोन विभाग गुणांसाठी धरले जाऊ लागले, त्यामुळे तिथे युक्तिवादाची बारीक चिरफाड अपेक्षित असते. बँकेच्या परीक्षांतील ‘विधान आणि गृहीतक’ हा प्रकार मात्र बराच सैल आहे. त्याचे संकेत त्याच्याच जुन्या प्रश्नपत्रिकांवरून शिकावेत, इथले नियम तिथे जसेच्या तसे लावू नयेत. खाली मी जे लिहिते ते प्रामुख्याने क्लॅट आणि त्या घडणीच्या परीक्षांसाठी आहे.

सुरुवात निष्कर्ष शोधण्यापासून करावी, आणि मुद्दाम आपल्या शहरातला विषय घेऊ. एबी रोडवरील बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेली स्वतंत्र मार्गिका, २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती काढायला सुरुवात झाली, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यावर मी रचलेला हा छोटा उतारा पाहा. ‘बसची स्वतंत्र मार्गिका काढल्यास इतर वाहनांना अधिक जागा मिळेल आणि कोंडी कमी होईल, असे अनेकांना वाटते. परंतु रस्त्यावर जागा वाढली की वाहनेही वाढतात, हा अनेक शहरांचा अनुभव आहे. शिवाय बस संथ झाली तर आज बसने जाणारे काही प्रवासी स्वतःची वाहने वापरू लागतील. त्यामुळे मार्गिका काढल्याने मिळणारा दिलासा फार काळ टिकणार नाही.’

पहिले वाक्य हे लेखकाचे मत नाही. ते त्याला खोडायचे आहे, आणि त्या मताला त्याचे स्वतःचे कारणही जोडलेले आहे. दुसरे आणि तिसरे वाक्य ही लेखकाची कारणे आहेत. ती एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणजे त्यांतले एक पडले तरी दुसरे उभे राहू शकते. शेवटचे वाक्य निष्कर्ष आहे. तो किती मर्यादित आहे, तेही नीट पाहा. मार्गिका काढणे चुकीचे आहे, असे लेखक म्हणत नाही. कोंडी अजिबात कमी होणार नाही, असेही तो म्हणत नाही. दिलासा टिकणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आता ‘लेखकाच्या मते मार्गिका कायम ठेवायला हवी होती’ असा पर्याय आला तर इंदूरमध्ये राहणारा विद्यार्थी त्याच्याकडे ओढला जातो, कारण या विषयावर त्याच्या घरी, चौकात, बसथांब्यावर चर्चा झालेली असते आणि त्याचे स्वतःचे मत तयार असते. अनोळखी विषयापेक्षा ओळखीचा विषय अधिक धोक्याचा असतो, हे मी प्रत्येक वर्गात सांगते. निष्कर्षाची व्याप्ती लेखकाने जेवढी ठेवली तेवढीच धरायची. आपल्या माहितीने ती वाढवायची नाही आणि आपल्या सावधपणाने कमीही करायची नाही.

निष्कर्ष कोणता आणि कारण कोणते याबद्दल शंका आली तर दोन विधाने घेऊन त्यांच्यामध्ये ‘कारण’ हा शब्द दोन्ही दिशांनी लावून पाहावा. ‘दिलासा टिकणार नाही, कारण जागा वाढली की वाहने वाढतात’ हे सरळ लागते. ‘जागा वाढली की वाहने वाढतात, कारण दिलासा टिकणार नाही’ हे लागत नाही. इंग्रजी उताऱ्यातील ‘देअरफोर’, ‘सिन्स’, ‘हाउएव्हर’ यांसारखे खुणेचे शब्द मदत करतात, पण कठीण उताऱ्यांत ते मुद्दाम गाळलेले असतात, किंवा ‘देअरफोर’ एखाद्या मधल्या निष्कर्षाला लावून मुख्य निष्कर्ष पहिल्याच वाक्यात ठेवलेला असतो. मधला निष्कर्ष म्हणजे जो एका कारणावर उभा आहे आणि स्वतः पुढच्या निष्कर्षाला आधार देतो. ज्याला आधार दिलेला आहे पण जो पुढे कशालाही आधार देत नाही, तो मुख्य निष्कर्ष.

आता या उत्तराचा जो गाभा आहे त्याकडे येते, आणि इथे थोडे सावकाश जावे लागेल. कारणे आणि निष्कर्ष यांच्यामध्ये जी न सांगितलेली जागा असते तिला मी वर्गात सांधा म्हणते. कारणे एका गोष्टीबद्दल बोलतात, निष्कर्ष किंचित वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतो, आणि लेखक त्या दोहोंना गुपचूप जोडून टाकतो. गृहीतक विचारणारे, युक्तिवाद बळकट करायला सांगणारे, कमकुवत करायला सांगणारे आणि त्यातील दोष विचारणारे असे चारही प्रकारचे प्रश्न त्या एकाच सांध्याबद्दल असतात. म्हणूनच प्रश्नांचे प्रकार वेगवेगळे पाठ करण्याला मी फारसे महत्त्व देत नाही. सांधा सापडला की चारही प्रश्न एकाच जागेवरून सोडवता येतात; सांधा सापडला नाही तर प्रकाराचे नाव माहीत असून काही उपयोग होत नाही.

उदाहरण पाण्याचे घेऊ. इंदूरला नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागते, आणि ही व्यवस्था १९७८ पासून चालू आहे. यावर असा युक्तिवाद कल्पून पाहा: ‘नर्मदेचे पाणी शहरापर्यंत उचलून आणण्यासाठी विजेवर मोठा खर्च होतो. म्हणून नव्या इमारतींमध्ये पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सक्ती कठोरपणे राबवली, तर पालिकेचा पाणीपुरवठ्यावरील खर्च कमी होईल.’ प्रश्न आहे की हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे. पहिला पर्याय असा की नर्मदेचे पाणी भूजलापेक्षा पिण्यास अधिक योग्य आहे. दुसरा असा की पाणी मुरवल्यामुळे नर्मदेच्या पाण्याची मागणी काही प्रमाणात तरी कमी होईल. तिसरा असा की विजेचे दर येत्या काही वर्षांत वाढणार आहेत. चौथा असा की पालिकेचा हा खर्च कमी करण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही.

पर्याय पाहण्याआधी सांधा शोधा. कारण बोलते नर्मदेच्या उपशाच्या खर्चाबद्दल. उपाय बोलतो जमिनीत पाणी मुरवण्याबद्दल. निष्कर्ष बोलतो एकूण खर्च कमी होण्याबद्दल. मुरलेले पाणी आणि नर्मदेचा उपसा यांचा परस्परसंबंध कुठेच सांगितलेला नाही. जमिनीतले पाणी वाढले, पण लोकांनी नर्मदेचे पाणी पूर्वीइतकेच वापरले आणि वाढलेले पाणी बागेला किंवा बांधकामाला गेले, तर उपसा तेवढाच राहील आणि बचत होणार नाही. म्हणजे सांधा दुसऱ्या पर्यायात आहे. या युक्तिवादात आणखी एक सांधा आहे: सक्ती राबवण्याचा, तपासणीचा आणि देखरेखीचा खर्च वाचलेल्या विजेपेक्षा कमी असावा लागेल. एका युक्तिवादात असे दोन-तीन सांधे असू शकतात आणि परीक्षक त्यांपैकी एकच पर्यायांत ठेवतो. म्हणून आपल्याला सुचलेला सांधा पर्यायांत दिसला नाही तर घाबरून जाऊ नये, दुसरा शोधावा.

तुमच्यासारख्या विद्यार्थ्याकडे इथे बहुधा दुसरा आणि तिसरा, किंवा दुसरा आणि चौथा पर्याय उरतो. त्यांतून निवडण्याची खात्रीची पद्धत म्हणजे पर्याय उलटा करून पाहणे. आवश्यक गृहीतक खोटे मानले की युक्तिवाद कोसळतो. जे आवश्यक नाही ते खोटे मानले तरी युक्तिवाद चालूच राहतो. तिसरा पर्याय उलटा करा: विजेचे दर वाढणार नाहीत. तरीही उपसा कमी झाला तर आजच्या दराने बचत होईलच, म्हणून तो गळतो. तो फसवा अशासाठी आहे की दर वाढले तर बचत अधिक मोठी होईल; युक्तिवादाला मदत करणारी गोष्ट आणि युक्तिवादाला लागणारी गोष्ट यांतला फरक तो पुसून टाकतो. चौथा उलटा करा: खर्च कमी करण्याचे दुसरे मार्गही आहेत. लेखकाने हाच एकमेव मार्ग आहे असे म्हटलेलेच नव्हते, त्यामुळे काही बिघडत नाही. दुसरा उलटा करा: नर्मदेच्या पाण्याची मागणी जराही कमी होणार नाही. आता उपशाच्या खर्चाचे कारण निष्कर्षाला काहीच आधार देत नाही. अचूक पर्यायात ‘काही प्रमाणात तरी’ हे शब्द आहेत, तेही लक्षात ठेवा. आवश्यक गृहीतक बहुधा असे माफक शब्दांत लिहिलेले असते, आणि ‘दुसरा कोणताही’, ‘फक्त’, ‘नेहमी’ अशा शब्दांचे पर्याय युक्तिवादाला लागते त्याहून अधिक मागतात. मात्र हे शब्द दिसले की पर्याय चूक, असा यांत्रिक नियम करू नका. निष्कर्षच जर ‘फक्त’ म्हणत असेल तर गृहीतकालाही तेवढे जावे लागते. आणि कोणते गृहीतक निष्कर्ष पूर्णपणे सिद्ध करण्यास पुरेसे आहे, असे विचारले असेल तर हवा असलेला पर्याय उलट जोरकसच असतो.

पर्याय आणि उतारा यांतले खरे कशाला धरायचे, या एका गोष्टीचा गोंधळ मी फार पाहते. उताऱ्यावरून कोणते विधान निश्चितपणे निघते असे विचारले असेल, तर उतारा खरा धरायचा आणि पर्याय तपासायचा. तिथे नवी माहिती असलेला पर्याय बाद, कारण उताऱ्यात नसलेले काही आपण सिद्ध करू शकत नाही. बळकट करणाऱ्या किंवा कमकुवत करणाऱ्या प्रश्नांत दिशा बदलते. तिथे पर्याय खरे धरायचे असतात, प्रश्नातच ‘इफ ट्रू’ असे लिहिलेले असते, आणि तपासायचा असतो तो युक्तिवाद. तिथे नवी माहिती चालते. बहुतेक वेळा तीच हवी असते. ‘हे उताऱ्यात कुठे म्हटले आहे?’ असे म्हणून अनेक हुशार विद्यार्थी अचूक पर्याय खोडतात. तुम्ही तुमच्या चुकांकडे या नजरेने पुन्हा पाहावे, असे मी सुचवीन. त्यांतल्या काही इथेच निघतील, असा माझा अंदाज आहे.

कार्यकारणाचे युक्तिवाद सर्वांत जास्त विचारले जातात, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवावा. भंवरकुआं परिसरात पैसे भरून बसायच्या अभ्यासिका आहेत, ज्यांना सगळे लायब्ररी म्हणतात. समजा उताऱ्यात म्हटले आहे की अशा एका अभ्यासिकेच्या सभासदांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण शहरातील इतर परीक्षार्थींच्या दुप्पट आहे, आणि त्यावरून लेखक सांगतो की तिथल्या शांत वातावरणामुळे हे यश मिळते. सांधा असा आहे की दोन गोष्टी एकत्र आढळल्या, आणि लेखकाने एकीला दुसरीचे कारण ठरवले. हा सांधा तीन बाजूंनी तुटू शकतो. कारण आणि परिणाम उलट असू शकतात. दोन्हींमागे तिसरीच गोष्ट असू शकते. किंवा तुलना केलेले दोन गट मुळातच सारखे नसतील. ‘ही अभ्यासिका आधी एकदा तरी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच सभासदत्व देते’ हा पर्याय युक्तिवादाला जबर धक्का देतो, कारण तिथले विद्यार्थी आधीपासूनच निवडलेले आहेत. ‘काही सभासद उत्तीर्ण झाले नाहीत’ हा पर्याय मात्र धक्का देत नाही, कारण लेखकाचा दावा प्रमाणाबद्दल आहे, प्रत्येक सभासदाबद्दल नाही. दुप्पट प्रमाण असूनही पुष्कळजण नापास असू शकतात. बळकट करणारा पर्याय कसा असेल, तेही रचून पाहा: जागा कमी असल्याने चिठ्ठ्या टाकून सभासद निवडले, आणि चिठ्ठी न निघालेल्या अर्जदारांचे प्रमाण शहराच्या सरासरीइतकेच राहिले. आता दोन्ही गट सारखे झाले आणि तिसऱ्या कारणाची शक्यता बरीच कमी झाली. निष्कर्ष सिद्ध झाला नाही, पण अधिक विश्वसनीय झाला, आणि प्रश्नाला तेवढेच हवे असते.

आपल्याकडील न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेने, हे सगळे फार जुन्या काळी बारकाईने मांडले आहे आणि मला ते शिकवताना मनापासून आनंद होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हा त्यांचा नेहमीचा दाखला. अनुमान दुसऱ्याला पटवताना ते पाच अवयवांत मांडायचे: प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण (नियम आणि दाखला), उपनय (तो नियम इथे लावणे) आणि निगमन (शेवटचा निष्कर्ष). परीक्षेच्या उताऱ्यात आपल्याला बहुधा प्रतिज्ञा आणि हेतू एवढेच दिलेले असतात. उदाहरणात जो सर्वसाधारण नियम सांगितला जातो, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, तो गाळलेला असतो. आपण शोधतो तो सांधा म्हणजे हाच गाळलेला नियम. आणि तो नियम तपासायची त्यांची रीतही आजच्या प्रश्नांना लागू पडते. जिथे अग्नी नाही अशी ठिकाणे पाहा, उदाहरणार्थ तलाव, आणि तिथे कधी धूर आढळतो का ते विचारा. आढळला तर हेतू सदोष ठरतो. कमकुवत करणाऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असेच असते: कारण हजर, पण परिणाम गैरहजर, किंवा परिणाम हजर, पण सांगितलेले कारण नाहीच.

अटींच्या विधानांत होणारी चूकही याच दाखल्यातून स्वच्छ दिसते. जिथे धूर तिथे अग्नी, यावरून जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. अग्नीपासून धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते, आणि ही न सांगितलेली अट, जिला नैयायिक (न्यायदर्शनाचे अभ्यासक) उपाधी म्हणतात, लक्षात न घेतल्यामुळे उलटा नियम खरा वाटतो. परीक्षेच्या भाषेत सांगायचे तर, समजा एखाद्या परीक्षेला अर्ज करण्यासाठी पदवी आवश्यक आहे. म्हणून पात्र अर्जदार दिसला की तो पदवीधर आहे असे म्हणता येते, आणि पदवी नसलेला पात्र नाही असेही म्हणता येते. परंतु प्रत्येक पदवीधर पात्र आहे असे म्हणता येत नाही, कारण वयाची आणि इतर अटीही आहेत. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांची ही अदलाबदल चुकीच्या पर्यायांत सतत भेटते, विशेषतः चाळीसाव्या मिनिटानंतर, जेव्हा डोळे शब्दांवरून घसरू लागतात.

संख्यांबद्दल थोडेच सांगते. टक्केवारीवरून एकूण संख्या काढणारा युक्तिवाद आला की पायाची संख्या विचारा. वाटा कमी होऊनही संख्या वाढू शकते. इंग्रजी ‘सम’ म्हणजे किमान एक, आणि त्यात सगळे असण्याचीही शक्यता धरलेली असते. ‘मोस्ट’ म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि एकाच गटातील निम्म्याहून अधिक लोक अमुक आणि निम्म्याहून अधिक तमुक असतील, तर किमान एकजण तरी दोन्ही असणारच.

भाषेच्या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. निष्कर्ष आणि सांधा तुम्हाला ज्या भाषेत सर्वांत कमी शब्दांत सांगता येईल, त्या भाषेत मनाशी मांडा. घरची मराठी असेल तर मराठीत, क्लासची हिंदी असेल तर हिंदीत. रामबागेतल्या मराठी घरांमधून आलेले माझे अनेक विद्यार्थी सांधा मराठीत पुटपुटतात आणि त्यामुळे इंग्रजी वाक्याच्या वळणांत अडकून पडत नाहीत. लेखकाचे शब्द जसेच्या तसे न वापरता त्याचा आशय सांगता येणे हीच तो समजल्याची चांगली कसोटी आहे. पर्याय मात्र इंग्रजीतच, शब्दन् शब्द वाचा. तिथे एखादे ‘ओन्ली’, ‘प्रायमरिली’ किंवा ‘मे’ उत्तर ठरवते, आणि मनातल्या भाषांतरात नेमके हेच लहान शब्द गळून जातात.

आता सरावाबद्दल. तुम्ही आणखी सराव चाचण्या द्याव्यात असे मला सध्या वाटत नाही. आधी दिलेल्या चाचण्यांतले चुकलेले प्रश्न घ्या, पर्याय कागदाने झाका, घड्याळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक उताऱ्यासाठी वहीत तीन वाक्ये लिहा: लेखकाला काय मान्य करून घ्यायचे आहे, त्यासाठी तो काय देतो, आणि कोणती गोष्ट खोटी ठरली तर त्याचे म्हणणे पडेल. मगच पर्याय उघडा. उत्तर बरोबर आले तरी तुम्ही पूर्वी निवडलेला चुकीचा पर्याय नेमका कशामुळे चूक आहे, ते एका वाक्यात लिहा. तो निष्कर्षाहून जास्त बोलतो, अट उलटी करतो, दुसऱ्याच निष्कर्षाला मदत करतो, की खरा आहे पण सांध्याला स्पर्शच करत नाही? काही दिवसांत वहीत एकच दोष पुन्हा पुन्हा दिसू लागेल, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाची व्याप्ती चुकते, कोणाची दिशा, कोणी घरची माहिती उताऱ्यात आणतो. तुमचा दोष कोणता, हे मी इथून सांगू शकत नाही, वही सांगेल. प्रश्न शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच जुन्या प्रश्नपत्रिकांतले घ्या. बाजारात मिळणाऱ्या संचांतील अनेक तर्कप्रश्नांची उत्तरे वादग्रस्त असतात, आणि अशा उत्तरांशी मन जुळवून घेताना चांगली नजरही बिघडते. उताऱ्यांचा साठा संपला तर नईदुनियासारख्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या आणि त्याचा मुख्य निष्कर्ष एका वाक्यात लिहा. अग्रलेखांत निष्कर्ष कधी सुरुवातीला, कधी मध्येच असतो, त्यामुळे शेवटचे वाक्य म्हणजे निष्कर्ष ही सवय मोडते.

ही तीन वाक्ये लिहायला सुरुवातीला प्रत्येक उताऱ्यामागे बराच वेळ लागेल आणि तुम्हाला वाटेल की परीक्षेत हे जमणार नाही. परीक्षेत ती लिहायची नसतातच. लिहिण्याचा सराव झाला की वाचतानाच निष्कर्षाखाली रेघ पडते आणि सांध्यापाशी नजर थबकते. घड्याळ लावून सराव करण्याची वेळ त्यानंतरची.

आणि परीक्षेच्या दिवशी सगळे करूनही दोन पर्याय उरलेच, तर प्रश्न सोडून देऊ नका. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीला पाव गुण जातो. अशा प्रश्नांपैकी पाचातला एक जरी तुमचा बरोबर आला तरी नुकसान होत नाही. निम्मे बरोबर आले तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक-तृतीयांशाहून थोडा अधिक गुण पदरात पडतो. सीसॅटमध्ये चुकीला एक-तृतीयांश वजा होत असल्याने ही सीमा चारातल्या एकावर येते. म्हणून दोन्ही परीक्षांत, दोन पर्याय खरोखर विचार करून बाद केले असतील तर उरलेल्या दोनांपैकी एकावर खूण करावी. त्यांतला कोणता, हे ठरवताना उलटा करून पाहण्याची कसोटी शेवटची एकदा लावावी आणि पुढच्या उताऱ्याकडे जावे.